अग्निबाणाच्या टोकातला रेडिओ

१६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑबर्न येथे रॉबर्ट गोडार्ड यांनी द्रवरूप इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण उडवला. तो जेमतेम अडीच सेकंद हवेत होता, सुमारे साडेबारा मीटर उंच गेला आणि ५६ मीटरवरच्या कोबीच्या शेतात जाऊन पडला. तो कुठे पडला हे शोधण्याचे कष्ट कुणालाच पडले नाहीत. आज त्याच अमेरिकेत एखादा हौशी मनुष्य सुट्टीच्या दिवशी दीड इंच जाडीची, चार फूट लांबीची नळी तीन किलोमीटर उंच पाठवतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत धुराची रेघ दिसते, मग तीही विरते. एवढी बारीक वस्तू इतक्या उंचीवर डोळ्यांना दिसणे अशक्यच. पुढच्या काही मिनिटांत ती नळी कुठेतरी उतरणार असते. कुठे, हे ठाऊक असते फक्त तिच्या टोकात बसवलेल्या अंगठ्याएवढ्या रेडिओला. तो रेडिओ नीट बसवलेला असला तर!

हा छंद आपल्याकडे फारसा परिचित नाही, म्हणून आधी थोडी ओळख. हौशी अग्निबाणांच्या मोटारी त्यांच्या एकूण आवेगानुसार रोमन अक्षरांनी ओळखल्या जातात. ‘ए’ मोटारीचा आवेग जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, ‘बी’चा पाच, ‘सी’चा दहा, प्रत्येक पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट. या हिशेबाने ‘एच’ मोटार १६० ते ३२० न्यूटन-सेकंदांची होते आणि तेथपासून पुढच्या अग्निबाणांना ‘हाय पॉवर’ म्हणतात. इंधन बहुधा अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखे बंधक यांचे मिश्रण असते. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंच्या बूस्टरांत याच कुळातील घन इंधन वापरले जाई. तेथील हवाई वाहतूक नियमांनुसार दीड किलोपर्यंत वजनाचा व १२५ ग्रॅमपर्यंत इंधनाचा अग्निबाण कुणालाही उडवता येतो. त्यापुढे आकाश मोकळे ठेवण्याची रीतसर परवानगी लागते. अशा मोटारी विकत घेण्यासाठी ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ किंवा ‘ट्रायपोली’ या संघटनांचे प्रमाणपत्र लागते.

या प्रमाणपत्राची एक अट आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. पहिल्या पातळीच्या परीक्षेत ‘एच’ किंवा ‘आय’ मोटारीवर एक उड्डाण करून दाखवायचे असते, आणि अग्निबाण सुस्थितीत परत आणून परीक्षकाच्या हाती द्यावा लागतो. उड्डाण कितीही देखणे झाले, पॅराशूट सर्वांसमक्ष उघडले, पण अग्निबाण सापडला नाही, तर परीक्षार्थी नापास. महिनोन्‌महिने खपून केलेले काम, मोटारीचे पुन्हा वापरता येणारे ॲल्युमिनियमचे कवच आणि उंचीमापक हे सारे जाते ते वेगळेच.

अग्निबाण हरवतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. समजा, तो ३,००० मीटर उंचीवर पोहोचला आणि तेथेच मोठे पॅराशूट उघडून सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरू लागला. खाली यायला त्याला दहा मिनिटे लागतील. सेकंदाला सहा मीटर म्हणजे अगदी मध्यम वारा धरला, तरी तेवढ्या वेळात तो ३.६ किलोमीटर वाहून जाईल. म्हणून जाणकार दोन टप्प्यांचे उतरणे पसंत करतात. शिखरबिंदूवर फक्त एक लहान पॅराशूट सोडून सेकंदाला वीसेक मीटर वेगाने झपाट्याने खाली यायचे आणि जमीन दीडशे मीटरवर आली की मोठे पॅराशूट उघडायचे. यात तीन मिनिटांहूनही कमी वेळ लागतो आणि वाहून जाणे किलोमीटरभरावर येते. नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटासारख्या, आरशासारख्या सपाट पडलेल्या कोरड्या सरोवरात किलोमीटरभर अंतर काहीच नाही. पण मध्य अमेरिकेतील मक्याच्या शेतात तेच अंतर जीवघेणे ठरते. उसाच्या फडात हरवलेले वासरू ज्याने शोधले असेल, त्याला हे अधिक समजावून सांगायला नको.

माग काढण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही महाराष्ट्राला वेगळ्या संदर्भात माहीत आहेत. विदर्भातील जंगलांत वाघांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधतात आणि वनरक्षक हातात काट्यांचा अँटेना धरून तिच्या ‘टिक-टिक’ची दिशा शोधतात, ही पहिली. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला हे कळले ते गळ्यातील जीपीएस पट्ट्यामुळे, ही दुसरी. अग्निबाणातही हेच दोन प्रकार. पहिल्यात प्रेषक नुसता ठरावीक अंतराने सूर सोडतो. दिशा शोधणे हे माणसाचे काम. दुसऱ्यात जीपीएस ग्राहक स्वतःचे अक्षांश-रेखांश काढतो आणि रेडिओवरून कळवतो. दुसरा प्रकार साहजिकच अधिक सोयीचा वाटतो. पण लहान अग्निबाणात बसवताना तोच अधिक रुसतो.

पहिला प्रश्न अँटेनाच्या लांबीचा. साधा, विश्वासू अँटेना म्हणजे तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी तार. तीनशेला मेगाहर्ट्‌झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४६ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ‘दोन मीटर’ पट्ट्यात, ही तार ५१ सेंटिमीटर होते. ४३३ वर १७ आणि ९१५ वर अवघी ८ सेंटिमीटर. ३८ मिलिमीटर व्यासाच्या अग्निबाणाचा नोज कोन, म्हणजे टोकाचा पोकळ शंकू, व्यासाच्या चार-पाच पट लांब असतो. म्हणजे १५ ते १९ सेंटिमीटर. वर तो निमुळता होत जातो, त्यामुळे सर्किटची पट्टी आणि बॅटरी रुंद बुडाशी व अँटेनाची तार अणकुचीदार टोकाकडे अशी रचना आपोआपच ठरते. ४३३ ची तार त्यात कशीबशी मावते, ९१५ ची आरामात. दोन मीटरची मावतच नाही. तार गुंडाळून आखूड करण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत सिग्नलच्या ताकदीत मोजावी लागते, आणि मुळात या प्रेषकांची ताकद फार नसते. काही केवळ पंधरा-वीस मिलिवॉटचे असतात.

मग नोज कोन कशाचा, हे पाहावे लागते. पुठ्ठा, प्लास्टिक, फायबर ग्लास यांतून रेडिओलहरी बिनदिक्कत जातात. कार्बन फायबर मात्र विद्युतवाहक; त्याच्या नळीत प्रेषक ठेवणे म्हणजे तो डब्यात बंद करून झाकण लावणे होय. शंकू फायबर ग्लासचा असला म्हणूनही निश्चिंत राहू नये. चांगल्या शंकूंना ॲल्युमिनियमचे टोक असते आणि ते टोक बुडाच्या तबकडीशी आट्यांच्या एका लांब सळीने जखडलेले असते. अँटेनाची तार या सळीला समांतर, बोटभर अंतरावर आली की सळीच लहरींशी खेळू लागते, अँटेना बेसूर होतो. अशा वेळी सळी पूर्ण लांबीची न ठेवता टोकाशी आखूड बोल्ट बसवून भागवावे आणि तार त्याच्यापासून शक्य तेवढी दूर ठेवावी. धातूचा चुरा असलेला चमकदार चंदेरी रंगही टाळलेला बरा. आपला अग्निबाण चकाकावा ही हौस समजण्यासारखी आहे, पण हरवलेल्या चकाकत्या अग्निबाणापेक्षा सापडलेला मळकट परवडला.

आता धक्क्यांचा विचार. एक किलोच्या अग्निबाणावर १५० न्यूटनचा रेटा आला की आतल्या प्रत्येक वस्तूला आपले वजन सुमारे पंधरापट वाटते. बारा ग्रॅमची बॅटरी त्या क्षणी १८० ग्रॅमची होते आणि मागे, म्हणजे बुडाकडे, दाबते. म्हणून बॅटरी सर्किटच्या खालच्या बाजूला, थेट तबकडीला टेकवून ठेवतात. ती वर ठेवली तर तिचा भार जोडांवर येतो. नवशिक्याचा हिशेब येथेच संपतो. प्रत्यक्षात उलट दिशेचा धक्का अधिक क्रूर असतो. शिखरबिंदूवर बंदुकीच्या दारूचा छोटा बार उडतो, नोज कोन किंवा पुढचा भाग फेकला जातो आणि दोरीच्या टोकाला हिसका बसून थांबतो. त्या हिसक्याने बॅटरी आता टोकाकडे उडी मारू पाहते. नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर भरवसा ठेवणाऱ्यांचे प्रेषक याच क्षणी मुके होतात. पातळ प्लायवूडच्या पट्टीवर सर्किट स्क्रूने, बॅटरी दोन केबल टायने आणि तिचा प्लग आणखी एका टायने बांधावा. शक्य तेथे प्लगऐवजी सरळ सोल्डरच करावे. आत-बाहेर सरकणारे स्वस्त स्विच धक्क्याने क्षणभर उघडतात आणि तेवढ्याने सर्किट बंद पडू शकते. त्यापेक्षा स्क्रू आवळून जोडणी करणारा स्विच बरा. अँटेनाची तारही लोंबती ठेवू नये. ती प्लास्टिकच्या पोकळ नळीत ओवली की धक्क्याने वाकत नाही.

जीपीएसचे आणखी नखरे आहेत. उपग्रहांचे सिग्नल अतिशय क्षीण असतात आणि ग्राहकाचा चौकोनी चिनीमातीचा अँटेना आकाशाकडे तोंड करून असला तरच ते नीट पकडतो. अग्निबाण रॅम्पवर उभा असताना टोकाकडे तोंड करून ठेवला तर उत्तम, पण उतरताना नोज कोन दोरीला बुडाकडून टांगलेला असतो, म्हणजे टोक खाली! जे तोंड चढताना आकाशाकडे होते ते आता जमिनीकडे झाले. जमिनीवर पडल्यावर तो आडवा होतो आणि कोणत्या कुशीवर पडेल ते दैवाधीन. त्यामुळे बहुतेक जण अँटेना बाजूला तोंड करून बसवतात. कोणत्याच अवस्थेत सर्वोत्तम नाही, पण कोणत्याच अवस्थेत पूर्ण आंधळाही नाही. त्यातच शेजारी प्रेषकाचा अँटेना ओरडत असतो. तो अगदी चिकटून असला तर जीपीएसला उपग्रहांची कुजबुज ऐकूच येत नाही, म्हणून दोघांत शंकूच्या लांबीने परवानगी दिली तेवढे अंतर ठेवायचे.

चढताना वेग आणि प्रवेग यांमुळे साधे जीपीएस ग्राहक उपग्रहांवरील पकड गमावतात, हे गृहीतच धरलेले बरे. शिखराजवळ अग्निबाण मंदावला की पकड पुन्हा येते. खरे महत्त्व असते ते उतरतानाच्या शेवटच्या नोंदींना. तीन किलोमीटर उंचीवरच्या प्रेषकाला अडवायला काहीच नसते. तोच जमिनीवर गवतात आडवा पडला की त्याचा पल्ला कित्येक पटींनी घटतो. समजा, १०० मीटर उंचीवरून शेवटची नोंद मिळाली. उरलेले वीस सेकंद सहा मीटरच्या वाऱ्यात म्हणजे आणखी १२० मीटर. एवढे क्षेत्र चालून पालथे घालता येते.

आतापर्यंत सांगितलेल्या चुकांची शिक्षा म्हणजे अग्निबाण हरवणे. पुढची चूक माणसाला इजा करू शकते. पॅराशूट सोडणारे बार उडवतो तो उंचीमापक, म्हणजे हवेचा दाब मोजून शिखर ओळखणारे एक नाजूक सर्किट. त्याच्या वातींच्या तारा लांबच लांब असतात आणि प्रेषकाच्या दृष्टीने त्या तारा म्हणजे आयताच मिळालेला अँटेना. त्यांत उत्पन्न झालेल्या विजेने उंचीमापक गोंधळून पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतो, किंवा चुकीच्या वेळी बार उडवू शकतो. रॅम्पपाशी वाकून स्विच लावणाऱ्याच्या तोंडासमोर बार उडणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. म्हणून प्रेषक एका कप्प्यात, उंचीमापक दुसऱ्या. वातीच्या तारा एकमेकींना पीळ घातलेल्या. आणि दोन्ही यंत्रणा एकत्र चालवून जमिनीवर चाचणी. या चाचणीत दारूऐवजी झगमगाटाच्या माळेतले बारीक दिवे जोडतात, उंचीमापक हवाबंद बरणीत ठेवून पंपाने हवा काढतात, प्रेषक शेजारी चालू ठेवतात. दिवे ठरल्या क्षणीच लागले पाहिजेत. लहान अग्निबाणात जागा नाही म्हणून दोन्ही सर्किटे एकाच पट्टीवर पाठीला पाठ लावून बसवणारेही आहेत; प्रस्तुत लेखकाच्या मते, अशांनी ही चाचणी पाच वेळा करावी. उडालेल्या बाराचा गरम, गंजवणारा धूर प्रेषकापर्यंत जाऊ नये यासाठी शंकूच्या बुडाची तबकडी हवाबंद असणे हेही आलेच.

टोकात वजन वाढले की उड्डाणही बदलते. अग्निबाण सरळ जावा यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या मध्याच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाएवढा असावा लागतो. एक किलोच्या अग्निबाणाचा गुरुत्वमध्य टोकापासून ७५ सेंटिमीटरवर आहे आणि आपण टोकापासून १० सेंटिमीटरवर ६० ग्रॅमची यंत्रणा बसवली असे धरू. गुरुत्वमध्य सुमारे पावणेचार सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे ३८ मिलिमीटरच्या नळीत जवळजवळ एक व्यास! अग्निबाण अधिक स्थिर झाला हे खरे, पण अति स्थिर अग्निबाण वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतो आणि तिरका जातो. हे सारे आधी संगणकावर पाहता येते. फिनलंडमधील एका विद्यार्थ्याच्या २००९ सालच्या प्रबंधातून जन्मलेली ‘ओपनरॉकेट’ ही मोफत प्रणाली त्यासाठी जगभर वापरली जाते.

याहून कमी लक्षात येणारी बाब म्हणजे नायलॉनच्या खिळ्या. दोन टप्प्यांच्या उतरण्यात नोज कोन मोठे पॅराशूट बाहेर येईपर्यंत बंद राहावा म्हणून त्याला दोन-तीन बारीक खिळ्यांनी अडकवतात. दुसरा बार त्या तोडतो. आता टोकात ६० ग्रॅम वाढले, की पहिल्या हिसक्यात शंकूचा जोर तेवढा वाढला. जुन्या हिशेबाच्या खिळ्या शिखरावरच तुटतात, मोठे पॅराशूट तीन हजार मीटरवर उघडते आणि वर काढलेला ३.६ किलोमीटरचा हिशेब खरा होतो. अग्निबाण सापडावा म्हणून बसवलेल्या यंत्रानेच तो दूर जातो. खिळी एकने वाढवावी, बाराची दारू त्या प्रमाणात वाढवावी आणि हेही जमिनीवर एकदा करून पाहावे.

भारतात हे करू पाहणाऱ्याला दोन कायदे आडवे येतात, आणि ते यायलाच हवेत. इंधनाचा विषय १८८४च्या स्फोटक कायद्याखाली येतो. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. घरी इंधन शिजवण्याचे प्रयोग करू नयेत हे वेगळे सांगायला नको. रेडिओच्या बाबतीत अमेरिकेतून मागवलेला ९१५ मेगाहर्ट्‌झचा संच तिकडे विनापरवाना चालतो. आपल्याकडे तो मोबाइल सेवेच्या पट्ट्यात घुसतो. येथे कमी शक्तीसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा परवानामुक्त आहे, तर ४३४ ते ४३८ हा पट्टा हॅम परवानाधारकांसाठी. हॅमची परीक्षा अवघड नाही आणि दिशाशोधनाचा सराव त्या वर्तुळात आपसूक होतो. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय अग्निबाण स्पर्धेत भारतीय महाविद्यालयांचे संघही उतरले आहेत, तेव्हा हा प्रश्न अगदीच परका नाही.

शेवटी प्रत्यक्ष शोध. तीन काट्यांचा यागी अँटेना घरीही करता येतो. हॅम मंडळी मोजमापाच्या जुन्या पोलादी टेपचे तुकडे प्लास्टिकच्या पाइपवर बसवून तो करतात. झुडपात अडकला तरी टेप वाकते आणि पुन्हा सरळ होते. अग्निबाण दृष्टीआड होताच, जागा सोडण्याआधी, सर्वांत मोठा आवाज ज्या दिशेने येतो तिची होकायंत्रावर नोंद करायची. मग काटकोनात काहीशे मीटर चालून दुसरी नोंद. दोन रेषा जेथे छेदतील तिकडे निघायचे. अँटेना आडवा आणि उभा असा दोन्ही प्रकारे फिरवून पाहायचा, कारण पडलेल्या अग्निबाणातली तारही आडवी असते आणि दोघांचा मेळ नसेल तर आवाज एकदम बसतो. फार जवळ गेल्यावर उलटी पंचाईत होते: ग्राहक इतका भरून जातो की सगळ्याच दिशांनी सारखाच आवाज येतो. अशा वेळी यागी काढून ठेवतात, वारंवारता मुद्दाम किंचित चुकवतात आणि ग्राहक छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरतात. आपलेच शरीर आडवे आले की आवाज सर्वांत क्षीण होतो. म्हणजे अग्निबाण नेमका आपल्या पाठीमागे.

बॅटरी निवडताना तिने उड्डाणानंतर किमान रात्रभर तरी तग धरावा असे पाहतात. संध्याकाळी सोडून दिलेला शोध सकाळी उंच जागेवरून पुन्हा सुरू करता येतो. आणि एवढ्या सगळ्या यंत्रणेनंतरही नळीवर पक्क्या शाईने आपला फोन क्रमांक लिहून ठेवायचा असतो. मका कापणीला आला की कधी कधी त्या शेतकऱ्याचा फोन येतो.